मदत हवी आहे: कोंबड्यांच्या सीआरडीची शेडवरची लॅम्प चाचणी स्वॅबवर अडली आहे

नमस्कार मंडळी,

मी पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम या जिवाणूमुळे होणाऱ्या सीआरडीसाठी (कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोग) तासाभरात, शेडवरच निकाल देईल अशी लॅम्प चाचणी (एकाच तापमानाला डीएनए वाढवून जिवाणू ओळखणारी) तयार करायची आहे. शुद्ध केलेल्या डीएनएवर ती छान चालते. घोडं अडलंय ते कोंबडीच्या घशातून थेट घेतलेल्या स्वॅबवर.

हे का हवंय ते पोल्ट्रीवाल्यांना वेगळं सांगायला नको. पक्षी घरघरायला लागले, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, की मानमोडी, आयबी (विषाणूमुळे होणारा ब्रॉन्कायटिस), कोरायझा (जिवाणूमुळे होणारी सर्दी) की सीआरडी हे नुसत्या नजरेने ठरवणं अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जातं. मग अंदाजाने पाण्यातून अँटिबायोटिक सुरू होतं. विषाणू असेल तर त्याच्यावर ते चालत नाही. मायकोप्लाझ्मा असेल आणि अमॉक्सिसिलिन दिलं, तरी उपयोग शून्य, कारण ते औषध पेशीभित्तिकेवर घाव घालतं आणि या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते. शेतकऱ्याचा पैसा जातो, पक्षी खंगतात आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे राहतात. मला हे फार टोचतं.

रक्तद्रव आणि रंगीत अँटिजेन पांढऱ्या फरशीवर मिसळायची चाचणी दोन मिनिटांत होते, पण प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण आठवडा जातो. शिवाय मायकोप्लाझ्मा सायनोव्ही हा दुसरा जिवाणू किंवा नुकतीच दिलेली मृत लस यामुळेही गुठळ्या, म्हणजे खोटा पॉझिटिव्ह, दिसू शकतात. फ्रेच्या माध्यमात (मायकोप्लाझ्मा वाढवायच्या पोषक द्रावणात) जिवाणू वाढवायचा तर तीन आठवडेही लागू शकतात. तोवर लॉटचं (पक्ष्यांच्या त्या खेपेचं) व्हायचं ते होऊन जातं.

माझे प्रायमर (जिवाणूचा डीएनए हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) त्याच्या एमजीसी२ जनुकावर आहेत. १६एस जनुक मुद्दाम टाळलं, कारण त्यावर मायकोप्लाझ्मा इमिटन्स या जवळच्या जिवाणूची गल्लत होते. तापमान ६५ अंश, रंगासाठी फिनॉल रेड: डीएनए तयार होताना पीएच उतरतो, गुलाबीचा पिवळा झाला की पॉझिटिव्ह. टाळूच्या फटीतून घेतलेला स्वॅब साध्या पाण्यात घोळवून, उकळून टाकला तर काही नळ्या गरम करण्याआधीच पिवळट दिसतात. पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफरमध्ये) घोळवला तर उलट होतं, खात्रीचा पॉझिटिव्ह नमुनाही गुलाबीच राहतो. बफर पीएच हलू देत नाही, हे कळतंय. पण मग स्वॅब घ्यायचा तरी कशात?

हायड्रॉक्सी नॅफ्थॉल ब्लू या दुसऱ्या रंगाकडे वळावं का? तो पीएचवर नाही, मॅग्नेशियमवर चालतो, म्हणून आशा वाटते. पण नमुना चेलेक्समध्ये (धातूंचे आयन धरणाऱ्या रेझिनच्या कणांत) उकळलं तर तेही मॅग्नेशियम धरून ठेवतं. निवळ घेताना त्याचे कण नळीत आले तर रंग फसवेल अशी भीती आहे. कुणी चेलेक्स आणि हा रंग एकत्र वापरलाय का? नमुना नुसता दहापट पातळ करून भागलं का? पाच पक्ष्यांचे स्वॅब एकाच नळीत घेतले तर चिकट स्रावाचा अडथळा किती वाढतो, हेही अनुभवातून कुणी सांगितलं तर मोठी मदत होईल.

नळी प्रतिक्रियेनंतर उघडायची नाही, हे पक्कं ठरवलंय. लॅम्पमध्ये डीएनए इतका तयार होतो की एक थेंब हवेत उडाला तरी पुढच्या निगेटिव्ह नळ्याही पॉझिटिव्ह येऊ लागतात. म्हणूनच नळी न उघडता दिसणाऱ्या रंगावर माझा भर आहे.

आणखी एक, लेअर आणि ब्रीडरवाल्यांसाठी. याच जिवाणूच्या जिवंत एफ स्ट्रेनची (वाणाची) लस दिलेल्या कळपात ही चाचणी लसीच्या जिवाणूलाही पॉझिटिव्ह दाखवेल. तुमच्याकडे लसीकरणाची नोंद लॉटनुसार ठेवलेली असते का? चाचणी करणाऱ्याला ती शेडवर लगेच मिळेल का? मिळणार नसेल, तर लसीचा आणि बाहेरचा जिवाणू वेगळा ओळखणारा दुसरा प्रायमर संच आत्ताच करायला घ्यावा लागेल. त्यामुळे आधी याचं उत्तर मिळालं तर बरं होईल.