मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरला अडकते, सेन्सर बदलला तरी तेच!

हिंजवडी_रिटर्न
मंडळी, तातडीने मदत हवी. गाडी ऑटोमॅटिक आहे. अर्धा-पाऊण तास व्यवस्थित चालते, मग खाडकन धक्का बसतो आणि त्यानंतर गिअरच बदलत नाही. सिग्नलवरून बैलगाडीसारखी उठते, मागचे हॉर्न मारून जीव खातात. बंद करून चालू केली की पाच-दहा मिनिटं शहाण्यासारखी वागते, पुन्हा तेच. मेकॅनिकने स्पीड सेन्सर बदलला, २८०० घेतले, फरक शून्य. आता म्हणतो गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ७०-८० हजार धरून चला. रविवारी आईला घेऊन साताऱ्याला जायचंय, ताईचं डोहाळजेवण आहे. कुणाला असा अनुभव? "गाडी विकून टाक" कृपया सांगू नये.

पाना_१२_१३
गाडी कुठली? किती किलोमीटर झालेत? ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी, सीव्हीटी, डीसीटी की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा)? स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावला का, कोड काय आला? आणि स्पीड सेन्सर बदलला म्हणजे नक्की कुठला?

तात्या_वाईकर
गाडी विकून टाका. मॅन्युअल घ्या. आमची २००४ ची अजून पसरणी घाट हसत चढते. डाव्या पायाला काम नको म्हणून लोक लाखभर जास्त मोजतात आणि मग इथे धागे काढतात.

हिंजवडी_रिटर्न
तात्या, तुमचीच वाट बघत होतो.
पाना, २०११ ची पेट्रोल सेडान, मामांकडून घेतलेली, ९२ हजार झालेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर धागा त्यातच जळेल. चार गिअर, कुठल्या प्रकारचा ते माहीत नाही. स्कॅनर मेकॅनिकने लावला होता, "सेन्सरचा कोड आहे" म्हणाला. दिवा लागतो, ओ/डी ऑफ (म्हणजे ओव्हरड्राइव्ह, वरचा गिअर, बंद) वाला, लुकलुकतो. मी ते बटण दाबलेलंच नसतं.

चाकावर_चाक
एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर असणार. माझ्या गाडीत डाव्या मागच्या चाकाचा गेला होता, चिखल बसून. पेट्रोल टाकलेल्या फडक्याने पुसला, झालं.

पाना_१२_१३
चाकावर, त्यांनी एबीएसचा दिवा लागतो असं कुठे म्हटलंय?
हिंजवडी, ओ/डी ऑफ लुकलुकतोय म्हणजे बहुतेक गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ओरडतोय. बऱ्याच जुन्या चार गिअरवाल्या गाड्यांत त्याला वेगळा दिवा नसतो, हाच वापरतात. सेन्सरचा सिग्नल मिळेना की तो सुरक्षित मोडमध्ये जातो, सोलेनॉइड (गिअर बदलणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) सोडून देतो आणि गाडी एकाच गिअरवर, बहुतेकदा तिसऱ्यावर, राहते. म्हणून तुझी बैलगाडी. किल्ली बंद केली की विसरतो, दोष पुन्हा दिसला की पुन्हा रुसतो.
आता मुद्द्याचं. असे सेन्सर साधारण दोन असतात. एक इनपुट, म्हणजे टर्बाइनचा, इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये येणारा वेग मोजतो. दुसरा आउटपुटचा, चाकांकडे जाणारा वेग मोजतो. पी०७१५ किंवा पी०७१७ आला तर इनपुट, पी०७२० किंवा पी०७२२ आला तर आउटपुट. मेकॅनिकला नेमका आकडा विचार. आणि गाडी अडकलेली असताना स्पीडोमीटरचा काटा चालतो का?

एटीएफ_भक्त
सेन्सर-बिन्सर नाही हो, गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ. ९२ हजारात तेल कधी बदललं? ९० टक्के गिअरबॉक्स जुन्या तेलाने मरतात. मशीनवर पूर्ण फ्लश करून घ्या, बघा लोण्यासारखे गिअर पडतात की नाही.

पाना_१२_१३
९० टक्के कुणी मोजले? तेल बघायला हरकत नाही, पण सेन्सरच्या आतल्या कॉइलला तेलाचं काय पडलंय? क्लच घसरत असते तर पी०७३०, म्हणजे गिअर रेशोचा कोड आला असता. मशीनवर फ्लश करून उलट नवीन दुखणं निघालेल्या गाड्या मी पाहिल्यात. पातळी बघ, वास बघ, एवढंच.

एटीएफ_भक्त
पाहिल्यात म्हणजे किती? दोन? मी स्वतः चार गाड्यांचं केलंय.

कोकणकन्या_आजी
बॅटरीची मायनस वायर रात्रभर काढून ठेवा, बाळांनो. आमच्या ह्यांची गाडी अशीच झाली होती. आणि बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी ठेवा, उंदीर वायरी कुरतडतात.

हिंजवडी_रिटर्न
आजी, बॅटरी काढून झाली, दुसऱ्या दिवशी परत तेच.
मेकॅनिकला फोन केला. कोड पी०७१७. स्पीडोमीटर चालतो, अडकलेली असतानाही. आणि त्याने जो सेन्सर बदलला तो "स्पीडोमीटरचाच" आहे म्हणे.

पाना_१२_१३
म्हणजे २८०० रुपये देऊन चांगला सेन्सर काढून नवा बसवला. काटा चालतोय म्हणजे आउटपुटकडून सिग्नल येतोय. पी०७१७ म्हणजे इनपुटचा सिग्नलच नाही.
पण लगेच इनपुटचा सेन्सर विकत घ्यायला पळू नकोस. कोड सांगतो की सिग्नल पोचला नाही, का पोचला नाही ते सांगत नाही. सेन्सर, प्लग, वायर, कॉम्प्युटर, काहीही असेल. गेल्या महिन्याभरात गाडीला कुणी हात लावला होता का?

हिंजवडी_रिटर्न
नाही.
फक्त इंजिनचं माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार) बदललं तीन आठवड्यांपूर्वी. पण त्याचा गिअरशी काय संबंध?

पाना_१२_१३
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं रे भाऊ!!

वायरमन_विटा
मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, म्हणून लिहितो. आधी इनपुट सेन्सरच्या प्लगला किती वायरी आहेत ते बघा. दोन असतील तर बहुतेक आत चुंबक आणि कॉइल. किल्ली बंद, प्लग काढा, मीटर ओमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांवर लावा. सहसा काहीशे ओम दाखवतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. तीन वायरी असतील तर तो बहुतेक हॉल सेन्सर (सप्लायवर चालणारा इलेक्ट्रॉनिक), त्याला ओम लावू नका. किल्ली चालू करून सप्लाय आणि अर्थ येतोय का ते बघा.
दोनवाला असेल तर गाडी थंड असताना एकदा आणि दिवा लागल्यावर लगेच दुसऱ्यांदा मोजा. गरम झाल्यावर कॉइल तुटते, थंड झाली की परत जुळते, हे नेहमीचं दुखणं. दोन्ही वेळा आकडा नीट आला तर कॉम्प्युटरच्या बाजूचा प्लग काढून तिथून मोजा. तिथे ओपन (म्हणजे सर्किट तुटलेलं) दाखवलं तर मधली वायर गेली. हाताने वायरिंग हलवत मोजा, नाहीतर सापडणार नाही.

मायलेज_मास्तर
अशी चार गिअरवाली गाडी शहरात किती देते? मी घ्यायच्या विचारात आहे.

हिंजवडी_रिटर्न
मास्तर, ९. आता गप्प बसा.
अडकलेल्या अवस्थेत साताऱ्याला गेलो तर चालेल का? नाहीतर मित्राच्या जीपला बांधून गॅरेजला नेतो.

पाना_१२_१३
दोन्ही नको. तिसऱ्यावर खंबाटकी चढलास तर टॉर्क कन्व्हर्टर नुसता तेल घुसळत बसेल, तेल तापेल, आणि मग मेकॅनिकचे ८० हजार खरे होतील. आणि पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नकोस. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आणि चाकांबरोबर गिअरबॉक्स तेलाविना फिरतो. सपाट ट्रक बोलाव.

तात्या_वाईकर
मॅन्युअल असती तर धक्का मारून नेली असती.

हिंजवडी_रिटर्न
अपडेट. ऑफिसजवळच्या एका इलेक्ट्रिशियनला वायरमन भाऊंचं उत्तर वाचून दाखवलं. दोन वायरीचा सेन्सर निघाला. थंड ५६०, गरम ६१०. तो म्हणाला, तापल्यावर एवढं वाढतंच, सेन्सर ठीक आहे. मग कॉम्प्युटरच्या प्लगवर मीटर लावून मी ब्रेक दाबून बसलो आणि तो म्हणेल तसा डी (पुढे), आर (रिव्हर्स), डी, आर करत राहिलो. आरमध्ये इंजिन जरासं हललं की आकडा गायब!
खाली वाकून बघितलं तर वायरिंगची काळी नळी माउंटिंगच्या मागच्या क्लिपमध्ये नव्हतीच. लोंबकळत सायलेन्सरच्या पाइपला टेकली होती. नळी वितळून पापडासारखी झालेली, आतल्या तपकिरी वायरीचं कव्हर बोटाने भुगा होत होतं. तांबं दोन-तीन केसांवर तग धरून होतं.

वायरमन_विटा
नुसती टेप गुंडाळू देऊ नका. कापून सोल्डर, वरून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी). दोन्ही वायरींना पीळ आहे ना, तो तसाच ठेवा. नाहीतर बाजूच्या वायरींमधला विजेचा गोंधळ त्यात घुसतो आणि सिग्नल खराब होतो. आणि क्लिप लावा.

एटीएफ_भक्त
तेल तरीही बदलून घ्या.

हिंजवडी_रिटर्न
सोमवार. ४०० रुपयांत झालं, क्लिपसकट. कोड पुसून दोन दिवस चालवली, काल साताऱ्याला जाऊन आलो, जाताना खंबाटकीत ट्रकमागे अर्धा तास रांगत होतो तरी दिवा लागला नाही. माउंटिंग बसवणारा म्हणतो, "क्लिप आधीच नव्हती." पाना आणि वायरमन, पेढे द्यायचे राहिले.
एक शेवटचं. काढलेला जुना सेन्सर डिकीत पडलाय. तो चांगलाच होता ना?

पाना_१२_१३
चांगलाच असणार. टोकाच्या चुंबकाला काळी पेस्ट चिकटली असेल, ती लोखंडाची भुकटी, पुसून डबीत ठेव. पेस्ट असेल तर चालतं, पण चमकणारे तुकडे दिसले तर गिअरबॉक्स आतून झिजतोय, मग मात्र एटीएफ_भक्तांना फोन कर.