मदत हवी आहे: जर्मनीत रेल्वेचं वेळापत्रक कसं वाचायचं?

घोडबंदरकर: आई-बाबा जूनमध्ये आयसीईने (जर्मनीची वेगवान गाडी) बर्लिनहून कोलोनला जाणार आहेत, दोघंच. ठाण्याला इंडिकेटर वाचायची सवय आहे, जर्मन मात्र शून्य. तिकीट सवलतीचं, डबा 27. स्टेशनावर पिवळा तक्ता बघायचा की पांढरा? आणि फलाटावर ए, बी, सी पाट्या कसल्या?

वाशीवाला: पिवळा. त्यावर ‘आबफार्ट’ लिहिलेलं असतं, म्हणजे सुटणाऱ्या गाड्या. पांढरा ‘आनकुन्फ्ट’, येणाऱ्यांचा. ‘ग्लाइस’च्या रकान्यात फलाट. घड्याळ 24 तासांचं. 00:12 ची गाडी पुढच्या तारखेची, कोकणच्या रात्रीच्या तिकिटात होतो तोच घोळ. एकमेकींवर आडव्या दोन हातोड्या दिसल्या तर कामाचे दिवस, त्यात शनिवारही येतो. क्रूस म्हणजे रविवार आणि सणाच्या सुट्ट्या.
छापील तक्त्यावर विसंबू नका. आयत्या वेळचा बदल इंडिकेटरवर आणि जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर अ‍ॅपवरच कळतो. ‘फेल्ट आउस’ म्हणजे गाडी रद्द.

ऐरोलीकर: खरी मेख डब्यात आहे. या मार्गावरच्या काही आयसीई म्हणजे दोन गाड्या जोडलेल्या. वाटेत हाम स्टेशनात त्या एकमेकींपासून वेगळ्या होतात आणि दोन वाटांनी जातात. आतून एका भागातून दुसऱ्यात जाता येत नाही, त्यामुळे ‘आत चढू, मग डबा शोधू’ हे लोकलचं गणित इथे चालणार नाही. दारापाशी डबा क्रमांक आणि शेवटचं स्टेशन दिसतं, ते वाचूनच चढायचं.
ए, बी, सी हे फलाटाचे भाग. डबा 27 कुठल्या अक्षरापाशी लागेल ते अ‍ॅपवर दिसतं. कधी गाडी उलटी लागते. इंडिकेटरवर ‘उमगेकेर्टे वागेनरायउंग’ आलं की फलाटाच्या दुसऱ्या टोकाला चला. म्हातारी माणसं आहेत, निदान 20 मिनिटं आधी पोचू दे.

घोडबंदरकर: आभार! बर्लिनला फलाट दोन मजल्यांवर आहेत म्हणे?

वाशीवाला: हो. 1 ते 8 खाली, 11 ते 16 वर. फलाट बदलला तर मजलाही बदलू शकतो, म्हणून लिफ्ट आधीच बघून ठेवायला सांगा.

ऐरोलीकर: अजून एक. सवलतीचं तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं, पण कोलोनला 20 मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की दुसरी गाडी पकडता येते. आणि आरक्षित जागेवर गाडी सुटल्यापासून 15 मिनिटांत बसलं पाहिजे, नाहीतर हक्क जातो. दुसऱ्या वर्गात जागेचं आरक्षण तिकिटापासून वेगळं असतं, ते घेतलंय ना ते तपासा.