मदत हवी आहे: विमानतळावर लॅपटॉप आणि फोनसाठी एकच चार्जर घ्यायचा आहे

लॅपटॉपचा चार्जर चेक-इन बॅगेत गेला. पुढच्या विमानाला दोन तास आहेत, उतरायचं ब्रिटनमध्ये. लॅपटॉपच्या तळाशी २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर लिहिलंय, पोर्ट टाइप-सी. दुकानात '६५ वॅट'चे तीन चार्जर आहेत. काय बघून घेऊ?

प्रतिसाद १:
२० गुणिले ३.२५ म्हणजे ६५ वॅट, तेव्हा आकडा बरोबर आहे. पण खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका, मागची बारीक छपाई वाचा. काही चार्जरवर ६५ हा सगळ्या पोर्टांचा मिळून आकडा असतो आणि एका पोर्टातून ४५च मिळतात. तुम्हाला हवी ती ओळ अशी: 'सी१ – ५/९/१५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर' (सी१ म्हणजे चार्जरचं पहिलं टाइप-सी पोर्ट). त्यात २० व्होल्ट नसेल तर तो चार्जर परत ठेवा, लॅपटॉप बहुतेक दाद देणार नाही.

फोन शेजारच्या पोर्टात लावला की वाटणी होते, बरेचदा ४५ आणि २० अशी. त्या क्षणी लॅपटॉपचं चार्जिंग सेकंदभर तुटून परत सुरू होतं. तो बिघाड नव्हे, चार्जर नव्याने वाटणी ठरवत असतो.

केबल दोन्ही टोकांना टाइप-सी हवी. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असेल तर २० व्होल्ट येणारच नाहीत. साधी ३ अँपिअरची केबल ६० वॅटला थांबते, म्हणून '५ अँपिअर' किंवा '१०० वॅट' लिहिलेली घ्या.

प्रतिसाद २:
इनपुट '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असेल तर ब्रिटनच्या २३० व्होल्टला चालेल. शक्यतो तीन चपट्या पिनांचाच चार्जर घ्या. ट्रॅव्हल अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. शिवाय जड चार्जर त्यात लोंबकळला की पिना सैल होतात, ठिणग्या उडतात, प्लॅस्टिक तापतं.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद! २०,००० एमएएचची पॉवर बँकही घ्यावी का?

प्रतिसाद १:
२०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास. त्याला आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने गुणलं की ७४ वॅट-तास. विमानात न्यायची साधारण मर्यादा १०० वॅट-तासांची, त्यामुळे चालेल. वॅट-तासांचा आकडा पॉवर बँकेवरच स्पष्ट छापलेला हवा, नाहीतर तपासणीत अडवतात. ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये अजिबात नाही. आणि लॅपटॉपसाठी तिच्याही आउटपुटमध्ये २० व्होल्ट शोधा.