क्वांटममधली संभाव्यता म्हणजे नुसतं अज्ञान का नाही?

जिज्ञासू_७
नाणेफेकीत ५०-५० म्हणतो, कारण हाताचा जोर, हवा वगैरे आपल्याला ठाऊक नसतं. बॉर्नचा नियम (१९२६; तरंगफलनाच्या, म्हणजे क्वांटम अवस्थेच्या गणिती वर्णनाच्या, वर्गातून संभाव्यता काढणारा) आकडे अचूक देतो हे मान्य, पण ती संभाव्यताही अशीच अज्ञानातून आलेली का मानू नये? शिवाय ‘डीकोहेरन्सने (परिसराशी संबंध आल्याने क्वांटम परिणाम दिसेनासे होण्याने) हा वाद मिटला’ असंही वाचलं. खरंच मिटला का?

ध्रुवक
आधी एक चाचणी बघा. ४५ अंशांवर ध्रुवीकृत केलेले फोटॉन उभं-आडवं वेगळं करणाऱ्या विभाजकावर सोडले, तर निम्मे इकडे, निम्मे तिकडे जातात. आता दुसरा स्रोत घ्या, जो दर वेळी उभा किंवा आडवा फोटॉन कसाही, पण समसमान सोडतो. निकाल तोच. मग विभाजक ४५ अंशांनी फिरवा. पहिल्या स्रोताचे सगळे फोटॉन एकाच बाजूला येतात, दुसऱ्याचे पुन्हा निम्मे-निम्मे. ‘आहे उभा नाहीतर आडवा, आपल्याला माहीत नाही इतकंच’ हे वर्णन दुसऱ्या स्रोताला लागू पडतं, पहिल्याला नाही.

पायलट_लहर
इतक्यावर अज्ञानवाले हरत नाहीत. बोमच्या १९५२ च्या मांडणीत कणाला कायम ठरावीक जागा असते, संभाव्यता निव्वळ अज्ञानाची असते, आणि वरचा निकालही जसाच्या तसा मिळतो. खरी अडचण बेलने १९६४ मध्ये दाखवली. एकमेकांत गुंतलेल्या फोटॉनांच्या जोडीतल्या एका फोटॉनसाठी ० आणि ४५ अंश, दुसऱ्यासाठी २२.५ आणि ६७.५ अंश असे कोन घ्या. चारही उत्तरं (पहिल्या फोटॉनची क आणि क′, दुसऱ्याची ख आणि ख′; प्रत्येक +१ किंवा −१) आधीच ठरलेली असतील, तर क(ख−ख′) + क′(ख+ख′) मध्ये एक कंस शून्य आणि दुसरा ±२ असतो. म्हणजे सरासरी २ च्या वर जाणार नाही. क्वांटमचं उत्तर २√२, साधारण २.८३.

मोजताना दोन ठिकाणी घोळ होतो. सहसंबंधाची दृश्यता (दोन टोकांची उत्तरं किती स्पष्ट जुळतात ते) ७१ टक्क्यांखाली गेली, की बेरीज २ च्या आत येते आणि काहीच सिद्ध होत नाही. दुसरं म्हणजे डिटेक्टर निम्मे फोटॉन हुकवत असेल, तर हुकलेले वेगळे वागले असतील अशी पळवाट उरते. ती पळवाट आणि दोन टोकांमध्ये संदेश जाण्याची पळवाट, दोन्ही एकाच प्रयोगात बंद व्हायला २०१५ उजाडलं. अज्ञान ठेवायचं तर ठेवा, पण स्थानिकता (दूरच्या घटनेचा इथे तत्काळ परिणाम होत नाही हे गृहीतक) सोडावी लागते. बोमने तेच केलं.

कर्ण_बाहेर
डीकोहेरन्सबद्दल. परिसराशी गुंतागुंत झाली की घनता मॅट्रिक्समधली (अवस्था मांडणाऱ्या आकड्यांच्या तक्त्यातली) कर्णाबाहेरची पदं जवळजवळ शून्य होतात, व्यतिकरण दिसेनासं होतं. पण कर्णावर ०.५ आणि ०.५, म्हणजे दोन निकालांच्या संभाव्यता, तसेच राहतात. त्यांतलं एक का घडलं, हे गणित सांगत नाही. ‘आणि’चं ‘किंवा’ आपण मागच्या दाराने आणतो. एव्हरेटवाले (१९५७) म्हणतात, ‘किंवा’ हवंच कशाला, दोन्ही शाखा खऱ्या. मग ०.९ आणि ०.१ वजनाच्या दोन शाखांमध्ये ०.९ ला ‘संभाव्यता’ का म्हणायचं? शाखा मोजल्या तर निम्मं-निम्मं येतं! ग्लीसनच्या प्रमेयानुसार तीन किंवा अधिक मितींत बॉर्नचा वर्गाचा नियमच बसतो, पण संभाव्यता हवी हे आधी धरूनच ते सुरू होतं. माझ्या मते इथेच एव्हरेटची बाजू लंगडी पडते.

जिज्ञासू_७
मग क्वांटमचे लावलेले सगळे अर्थ तेच आकडे देतात, तर हे कधी तपासताच येणार नाही?

ध्रुवक
सगळे देत नाहीत. जीआरडब्ल्यू (गिरार्डी, रिमिनी, वेबर यांचं मॉडेल, १९८६) मध्ये तरंगफलन आपोआप कोसळतं, म्हणजे अनेक शक्यतांतली एकच उरते: प्रत्येक कणाला सेकंदाला १०⁻¹⁶ वेळा, म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांत एकदा. एकटा इलेक्ट्रॉन सुरक्षित. १०²³ कणांच्या, मोजयंत्राच्या काट्यात मात्र सेकंदाला कोटभर कोसळणं. हे श्रॉडिंगर समीकरणात बदल करणं आहे, नुसता अर्थ लावणं नाही. अशा धक्क्यांनी भारित कणांतून क्षीण क्ष-किरण निघायला हवेत. ते शोधायला इटलीत ग्रान सास्सोला डोंगराखाली जर्मेनियमचा डिटेक्टर लावला, आणि याच कुळातल्या डिओसी-पेनरोज मॉडेलचं (त्यात कोसळणं गुरुत्वामुळे होतं) सर्वांत साधं रूप त्यातून बाद झालं.