परवाना नको म्हणजे परवानगी नको असं नाही
'वीजनिर्मितीला परवानाच लागत नाही, मग दंड कसला?' असं वर कुणीतरी विचारलंय. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 7 नुसार परवाना लागत नाही हे खरं. पण ग्रिडजोडणीची (विजेच्या सामाईक जाळ्याला जोडण्याची) तांत्रिक मानकं पाळावीच लागतात, आणि ओव्हरहेड लाइन टाकायची तर कलम 68 प्रमाणे, काही अपवाद वगळता, आधी मंजुरी. मोडलंत तर कलम 142: सुनावणीनंतर वीज नियामक आयोग प्रत्येक उल्लंघनाला 1 लाखापर्यंत दंड लावू शकतो, पुढेही चालूच ठेवलं तर रोज 6,000 पर्यंत.

मोठ्या प्रकल्पाला 1 लाख म्हणजे चहापाणी! खरा फटका जोडणी अडण्याचा. आमच्या मेव्हण्याने अर्जाआधीच गोदामावर सौर पॅनेल चढवली. तीन महिने त्यांवर नुसती कबुतरं बसत होती, हप्ता मात्र चालू.