मदत हवी आहे: सोनसावरीला 'गणेर' का म्हणतात?

नमस्कार मंडळी. परवा सह्याद्रीतल्या एका उघड्या कातळावर सोनसावर फुललेली दिसली. झाडावर पान एकही नाही, फांद्यांच्या टोकांना नुसती तळहाताएवढी पिवळीधमक फुलं, मधोमध केशरट पुंकेसरांचा झुबका. 'सोनसावर' कळतं: रंग सोन्याचा आणि बोंड फुटलं की काटेसावरीसारखाच कापूस. (कूळ मात्र वेगळं, अंगावर काटेही नाहीत.) पण सोबतचे वाटाडे मामा तिला 'गणेर' म्हणत होते. का, विचारलं तर हसले, "आमच्यात तेच म्हणतात!" हा शब्द आला कुठून? गणपतीशी जोडायचा मोह होतोय, पण तो आपला माझाच अंदाज. तुमच्या गावाकडे या झाडाला काय म्हणतात? घरातल्या जुन्या माणसांना विचारून सांगाल का?