मैदानावर गेलेला वेळ वाया जात नाही

फौजेच्या पलटणीतल्या खेळांमुळे खऱ्या ट्रेनिंगचा वेळ जातो, असं काहीजण म्हणतात. ते मला पटलं नाही. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावच्या सेंटरमधले दिवस सांगताना ते परेडपेक्षा कंपन्या-कंपन्यांतल्या, म्हणजे पलटणीच्या तुकड्यांमधल्या, क्रॉस कंट्री शर्यतींबद्दलच जास्त बोलायचे. त्यात पहिल्या नंबराला महत्त्व नव्हतं. शेवटचा गडी किती वाजता पोचला यावर कंपनीचा हिशोब व्हायचा, म्हणून दमलेल्याची रायफल दुसरा उचलायचा. आघाडीवर हेच लागतं ना?

मुरलीकांत पेटकरांचंच घ्या. लष्करात ते बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग निकामी झाला, तरी 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक आणलं. मैदानाची सवय नसती तर हा माणूस पुन्हा पाण्यात उतरला असता का?

दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला मी पेडर रोडच्या चढावर उभा असतो. फौजेतले धावपटू लगेच ओळखू येतात. खांदे सैल, नजर समोर, चढावरही पावलांचा ठेका तोच.

आणि 4 फेब्रुवारी, वडिलांच्या रेजिमेंटचा मराठा दिवस. 1670 साली याच तारखेला सिंहगड घेतला. वडील लालबागच्या खोलीत सकाळीच मेडल्स ब्रासोने घासायला बसायचे. आता ते नाहीत, मेडल्स मी घासतो.